जुना साज, नवे यंत्र

गोव्याचे नाव आजवर काजूला, फेणीला आणि पर्यटनाच्या जाहिरातींना लाभले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते एका मोटारसायकललाही लाभले. वागातोर येथील आपल्या वार्षिक मेळाव्यात रॉयल एन्फिल्ड कंपनीने 'गोअन क्लासिक ३५०' ही गाडी बाजारात आणली. उंच वळवलेले हँडल, दबलेली बैठक, टायरांना पांढरे पट्टे आणि किंमत सुमारे २ लाख ३५ हजार रुपये! सत्तरच्या दशकातील हिप्पी गोव्याची आठवण त्या रूपात जपली आहे, असे सांगण्यात आले. त्या हिप्पींकडे पाहून नाके मुरडणारी पिढी गोमंतकात अद्याप हयात आहे. त्यांचे असे चालतेबोलते स्मारक निघालेले पाहून तिला हसू आले असेल, तर तो तिचा दोष नव्हे.

ही लाट एकट्या गोव्याची नाही, एका कंपनीचीही नाही. बुलेटचे मूळ इंग्लंडातील रेडिचचे. १९५५ पासून ती मद्रासेत बनू लागली. तिकडचा कारखाना बंद पडला, इकडचा टिकला, आणि २००९ मध्ये जुन्या घाटाची 'क्लासिक' निघाल्यावर त्याचे दैव असे फिरले की २०२४-२५ या एका वर्षात कंपनीच्या दहा लाखांहून अधिक गाड्या खपल्या. मग इतरांनाही आपापले पूर्वज आठवू लागले. म्हैसूरला १९६१ पासून बनणारी आणि १९९६ मध्ये कारखान्यासह संपलेली जावा २०१८ मध्ये परतली. ती आता इंदूरजवळच्या पिथमपुरात बनते. तिच्या पाठोपाठ २०२२ मध्ये येझदी आली. बजाजने ट्रायम्फशी हातमिळवणी करून २०२३ मध्ये चाकणहून गाडी काढली. मृत नावांना केवढे मोल आले आहे, हे पाहायचे तर येझदीचा दावा पाहावा. ते नाव अवसायनात निघालेल्या मूळ कंपनीचेच, असा निकाल कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २०२२ मध्ये दिला आणि वाद अपिलात गेला. ज्या कारखान्याचे यंत्र कोणी विचारीत नव्हते, त्याच्या नावासाठी एवढी झुंज!

जुने ते सारे सोने होते, असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या बुलेटची किक नडगीवर बसली म्हणजे काय होते, हे ज्याला ठाऊक आहे तो असे म्हणणारही नाही. तेल गळे, ब्रेक बेताचेच लागत. आजच्या गाडीत इंधन मोजून सोडणारी यंत्रणा आहे, चाक न अडकता थांबवणारा ब्रेक आहे, धूर कमी आहे. चतुर्थीच्या पावसात घाटातून घरी येणाऱ्या मुलाच्या आईला हाच बदल हवा, आणि तिचे बरोबर आहे.

परंतु जुन्या गाडीपाशी एक गुण होता, तो मात्र या पुनरागमनात गळाला. ती उघडता येत असे. चार पाने, एक पकड आणि कान शाबूत असलेला कोणीही मिस्त्री पिंपळाखाली बसून तिचा कार्ब्युरेटर साफ करी, पॉइंट जुळवी आणि तिन्हीसांजेपूर्वी गाडी मालकाच्या हाती देई. आपल्याकडचा मोटारसायकल पायलटाचा धंदा अशाच मिस्त्रींच्या आधारावर उभा राहिला. आजच्या गाडीची टाकी, दिवा, सायलेन्सर सारे आजोबांच्या वळणाचे. पण आत संगणक बसला आहे, आणि त्याचे दुखणे कंपनीच्या उपकरणालाच कळते. एप्रिल २०२० पासूनच्या प्रदूषण नियमांमुळे हे अटळ होते, हे खरे. ते उपकरण आणि ती माहिती गावातल्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचू नये, हे मात्र कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पुढे संकेतस्थळही काढले; वाहने त्यात आहेत. पण ती माहितीची सोय आहे, कायद्याचे बंधन नव्हे. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला आणि या जुन्या वळणाच्या बहुतेक गाड्यांचे फावले. तेव्हाच दुरुस्तीची पुस्तके व उपकरणे वाजवी दरात खुली करण्याचे बंधन घालता आले असते. संधी हुकली, असेच म्हणावे लागते.

राज्य सरकारच्या हाती मात्र अजून काही आहे. फर्मागुडी, म्हापसा येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिकणारी मुले उद्या गॅरेज थाटणार आहेत. गोव्याचे नाव टाकीवर रंगवणाऱ्या कंपनीकडून त्यांच्यासाठी ती उपकरणे, ती पुस्तके आणि वर्षाकाठी काही दिवसांचे शिक्षण मागून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. वागातोरच्या मेळाव्याला परवानगी सरकारच देते. पुढचा अर्ज येईल तेव्हा ही मागणी त्याच टेबलावर ठेवावी.