पाण्याखालचा थांबा आणि मनगटावरचे यंत्र

गेल्या हिवाळ्यात माझे एक स्नेही मुलगा व सुनेसह अंदमानला गेले होते. वय 63. पोहण्याची सवय जुनी. निवृत्तीनंतर स्कूबा डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षणही त्यांनी घेतले होते. दोन दिवसांत चार बुड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उजवा खांदा ठणकू लागला. ‘वय झाले, टाकी उचलली, दुखणारच,’ असे म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मुलाने वडिलांच्या मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तपासला. एकही थांबा चुकला नव्हता, एकही धोक्याची खूण उमटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळचे विमान ठरलेले होते. तेवढ्यात वहिनींचा मला दूरध्वनी आला. ‘भावोजी, हे म्हणतात खांदा जुनाच आहे. पण जुन्या खांद्याने कधी बोटांना मुंग्या आणल्या नव्हत्या.’

हे वाक्य महत्त्वाचे का होते, हे कळण्यासाठी ते यंत्र नेमके काय मोजते आणि काय मोजत नाही, हे पाहावे लागेल.

समुद्रात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या चौपट होतो. टाकीतील हवा त्याच दाबाने फुप्फुसांत येते आणि तिच्यातील नायट्रोजन रक्तात, रक्तातून निरनिराळ्या ऊतींत विरघळत जातो. ऑक्सिजन शरीर वापरून टाकते. नायट्रोजनचा त्याला काहीच उपयोग नसल्याने तो साठत राहतो. वर येताना दाब उतरतो आणि हा साठा बाहेर पडू लागतो. सावकाश वर आल्यास तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आल्यास गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी एकदम दाबावी, तसे रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होतात. त्यांतून उद्भवणारा विकार म्हणजे डीकॉम्प्रेशनचा आजार. तो टाळण्यासाठी वर येताना मध्येच ठरावीक खोलीवर थांबायचे, म्हणजे डीकॉम्प्रेशन थांबा घ्यायचा.

थांब्यांचे हे शास्त्र 1908 साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवरील प्रयोगांतून मांडले. त्यांनी शरीराचे पाच काल्पनिक भाग मानले. काही भाग नायट्रोजन झटपट घेतात व झटपट सोडतात, तर काही संथ असतात. एखादा भाग निम्मा भरायला लागणारा वेळ हा त्याचा अर्धकाल. हाल्डेन यांच्या भागांचे अर्धकाल 5 मिनिटांपासून 75 मिनिटांपर्यंत होते. पुढे झुरिचचे वैद्य आल्बर्ट ब्यूलमान यांनी ही मांडणी 16 भागांपर्यंत नेली; त्यांतील सर्वांत संथ भागाचा अर्धकाल 635 मिनिटांचा आहे. आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांच्या पोटात हेच गणित चालते.

यंत्राजवळ मुख्यतः दोन साधने असतात, दाब मोजणारा संवेदक आणि घड्याळ. दर काही सेकंदांनी ते खोली टिपते आणि त्या काल्पनिक भागांत किती नायट्रोजन साठला असेल याचा हिशेब करते. त्यावरून या खोलीवर अजून किती मिनिटे राहिल्यास कोणताही सक्तीचा थांबा न घेता वर येता येईल, हे ते दाखवते. प्रशिक्षणातील एका प्रचलित तक्त्यात ही मर्यादा 18 मीटरवर 56 मिनिटे, तर 30 मीटरवर अवघी 20 मिनिटे आहे. तक्ता संपूर्ण बुडी सर्वांत खोल जागीच झाली असे धरतो. कॉम्प्युटर मात्र माणूस वर सरकला की हिशेब बदलतो. म्हणूनच तो सोयीचा ठरला.

छंद म्हणून डायव्हिंग करणाऱ्याने ही मर्यादा ओलांडू नये, असेच शिकवले जाते. ओलांडलीच, तर यंत्र डोक्यावर जणू एक अदृश्य छत घालते. तीन मीटरवर पाच मिनिटे थांबा, अशासारखी सूचना पडद्यावर येते आणि तो अवधी पुरा होईपर्यंत त्या छताच्या वर जायचे नसते. माणूस थांब्याच्या बराच खाली घुटमळत राहिला, तर शरीराचे संथ भाग भरतच राहतात आणि थांब्याची मिनिटे कमी होण्याऐवजी वाढतात. थांबा मोडला तर यंत्र इशारा देते. अनेक यंत्रे त्यानंतर 24 किंवा 48 तास पुढच्या बुडीसाठी मार्गदर्शनच नाकारतात. याशिवाय सुमारे 5 मीटरवर 3 मिनिटांचा सुरक्षा थांबा घेण्याची प्रथा आहे. तो सक्तीचा नसतो, पण ज्येष्ठांनी तो सक्तीचाच मानावा आणि शक्य तर आणखी दोन मिनिटे वाढवावा.

आता मुख्य मुद्दा. हे यंत्र तुमच्या शरीरातील नायट्रोजन मोजत नाही. ते एका गणिती शरीरातील नायट्रोजन मोजते. बहुतेक यंत्रांना तुमचे वय ठाऊक नसते. रात्री झोप झाली नाही, बोटीत उलट्या झाल्या, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, पाण्यात थंडी वाजली, प्रवाहाविरुद्ध पाय मारावे लागले, यांतले काहीच त्या हिशेबात येत नाही. साधारण चौघांतील एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात जन्मापासून एक बारीक वाट उघडी राहिलेली असते. त्या वाटेने बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. यंत्राला तेही कळत नाही. म्हणून मर्यादेत राहूनही कोणाकोणाला हा आजार होतो. यंत्राचे मौन म्हणजे निरोगी असल्याचा दाखला नव्हे.

याचा अर्थ ज्येष्ठांनी समुद्र पाहूच नये असा नाही. डायव्हिंगपूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या प्रचलित वैद्यकीय प्रश्नावलीत 45 वर्षांवरील व्यक्तींना वेगळे प्रश्न असतात, ते उगीच नाही. पाण्याखालील मृत्यूंमागे हृदयविकार हे एक मोठे कारण आहे. ती प्रश्नावली खरी भरावी आणि चालू औषधांची यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटावे. बऱ्याच यंत्रांत सावधगिरीची पातळी वाढवण्याची सोय असते. ती वाढवली की तेच यंत्र कमी वेळ देते. माझ्या स्नेह्यांचे यंत्र विकत घेतले तसेच राहिले होते. पाण्यात शरीर अधिक लघवी करते, म्हणून बुडीच्या आधी आणि नंतर पुरेसे पाणी प्यावे. द्रवपदार्थांवर वैद्यकीय बंधन असेल, तर प्रमाण आधीच विचारून घ्यावे. सहलभर आपले यंत्र आपल्याच मनगटावर ठेवावे. आधीच्या बुडीचा शिल्लक साठा त्याच्या स्मरणात असतो. दुसऱ्याचे यंत्र बांधले की तो हिशेबच चुकतो.

सोबतच्या नातलगांनी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. सांध्यातील खोल ठणका, विशेषतः खांदा वा कोपर. मुंग्या, बधिरपणा, हातापायांतील अशक्तपणा. अंगावर जाळीदार चट्टे. चक्कर, न समजणारा थकवा, लघवी अडणे. बहुतेक लक्षणे पहिल्या 24 तासांत दिसतात. अशा वेळी रुग्णाला आडवे झोपवावे, शुद्ध ऑक्सिजन द्यावा आणि वाढीव दाबाच्या कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयाशी ताबडतोब संपर्क साधावा. वेदनाशामक देऊन वाट पाहत बसू नये. पुन्हा पाण्यात तर मुळीच उतरू नये.

आणि विमान. विमानात हवेचा दाब सुमारे 2400 मीटर उंचीवर असावा इतका कमी असू शकतो. एकाच बिनथांब्याच्या बुडीनंतर किमान 12 तास, अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास आणि सक्तीचे थांबे घ्यावे लागले असल्यास त्याहूनही अधिक काळ विमान टाळावे. हेच धोरण सुमारे 600 मीटरहून उंच घाटांनाही लागू पडते. मालवणला सलग बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे परतणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

माझ्या स्नेह्यांचे विमान त्या सकाळी त्यांच्याविना गेले. रात्रीच ऑक्सिजन सुरू झाला, दुसऱ्या दिवशी कक्षातील उपचार झाले आणि दोन दिवसांत मुंग्या नाहीशा झाल्या. नंतर मुलगा मला खजील होऊन म्हणाला, ‘काका, मी यंत्राला विचारले; बाबांना विचारायला हवे होते.’

आपल्या घरी रक्तदाबाचे यंत्र असते, साखर मोजण्याचे असते. त्यांचे आकडे अवश्य पाहावेत. पण समोरचा माणूस ‘आज काहीतरी निराळे वाटते आहे’ असे म्हणाला, तर आकडा बरा आहे म्हणून त्याला गप्प करू नये.