त्वचेची टिचबटणे

ओले धुणे पिळताना तळहाताची त्वचा किती घासली, ताणली जाते! तरीही ती सुटून येत नाही, याचे आपणांस कधी नवल वाटत नाही. वस्तुतः त्वचा म्हणजे एकसंध कापड नव्हे. ती असंख्य पेशींची बनलेली असते आणि या पेशी परस्परांना धरून राहतात, त्या मुख्यतः डेस्मोसोम नावाच्या सूक्ष्म सांध्यांमुळे. पोलक्याचे टिचबटण डोळ्यांपुढे आणावे. त्याचा एक भाग एका पेशीच्या पटलावर, दुसरा शेजारच्या पेशीवर. आणि बटण जसे दोऱ्याने कापडात पक्के शिवलेले असते, तसा हा सांधा पेशीच्या आत केराटिनच्या तंतूंना जखडलेला असतो. सर्वांत तळच्या पेशी मात्र अर्ध्याच बटणाने, म्हणजे हेमिडेस्मोसोमने, खालच्या पातळ अस्तराला बिलगून राहतात.

हे सारे सांगण्याचे कारण पेम्फिगस व्हल्गॅरिस हा आजार. यात शरीराची प्रतिकारशक्ती डेस्मोसोममधील डेस्मोग्लीन या प्रथिनालाच शत्रू मानून त्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. बटणे उसवतात, पेशी सुट्या होतात, मध्ये पाणी साचते. हा फोड इतका ढिला असतो की कपड्याच्या घर्षणानेही फुटतो व मागे ओली, दुखरी जखम उरते.

त्याचा आरंभ बहुधा तोंडात होतो, कधी कधी अंगावर फोड येण्याच्या कित्येक महिने आधी. घोटाळा होतो तो येथेच. ‘उष्णता वाढली’ असे म्हणून गुलकंद, जाईचा पाला, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या यांत आठवडे निघून जातात. साधे तोंड येणे बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. तीन आठवडे उलटूनही जखमा भरत नसतील, तर तज्ज्ञांना दाखवावेच. तंबाखू खाणाऱ्याने तर मुळीच थांबू नये, कारण तेथे शंका कर्करोगाची असते. त्वचेचा लहानसा तुकडा तपासला की निदान होते.

उतारवयात अंगभर खाज सुटून मग टणक, सहज न फुटणारे फोड आले, तर बिघाड बहुधा तळच्या अर्ध्या बटणांत असतो. त्या आजाराचे नाव बुलस पेम्फिगॉइड. १९५३ साली वॉल्टर लीव्हर यांनी तो पेम्फिगसहून निराळा असल्याचे दाखविले. प्रत्येक फोडाला ‘नागीण’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

स्टिरॉइड येण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत. १९८०च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ठरावीक अंतराने मोठी मात्रा शिरेतून देण्याची पद्धत रूढ केली. आता रिटुक्सिमॅबही उपलब्ध आहे. फोड सुकले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र घातक ठरते: आजार उलटतो, शिवाय स्टिरॉइड एकाएकी थांबल्याने रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवावी.

तोंडातील जखमा भरेपर्यंत मऊ भात, गार ताक, केळे द्यावे; पापड, चिवडा, तिखट टाळावे. आणि हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे काढण्याचे काहीही कारण नाही.