दोनशे क्रंचेस नकोत, पोट घट्ट धरायला शिका

पॉवरलिफ्टिंग करणारी मुले-मुली आता फक्त पुण्या-मुंबईच्या जिममध्ये नाहीत, तालुक्याच्या गावीही आहेत. त्यांच्यातले काही जण कंबर धरून दवाखान्यात येतात. 'पोटाचे व्यायाम करतोस का?' असे विचारले की बहुतेकदा दोनपैकी एक उत्तर मिळते. 'हो डॉक्टर, रोज दोनशे क्रंचेस मारतो', किंवा 'वेगळे कशाला? स्क्वॉट-डेडलिफ्टमध्ये पोट होतेच की!' ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. तिसरे चुकीचे उत्तर आमच्याच व्यवसायातले काही जण देतात: 'वजन उचलणे बंद कर आणि कमरेला पट्टा लाव.'

आजचा लेख या तिन्ही उत्तरांच्या विरोधात आहे.

पोटाच्या स्नायूंचे खरे काम

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात. खांद्यांवर दांडा घेऊन खाली बसून उठणे म्हणजे स्क्वॉट, बाकावर उताणे झोपून छातीवरून दांडा वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस आणि जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभे राहणे म्हणजे डेडलिफ्ट. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि तिन्ही प्रकारांतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज धरली जाते.

आता स्क्वॉट डोळ्यांसमोर आणा. जोर लावतात पाय, वजन आहे खांद्यांवर. मधल्या कमरेच्या भागात हाडे म्हणाल तर फक्त पाच मणके. पायांचा जोर दांड्यापर्यंत पोचायचा तर मधला भाग ताठ राहायला हवा. काठीने एखादी वस्तू ढकलता येते, दोरीने येत नाही. धड काठीसारखे ठेवण्याचे मोठे काम पोटाचे स्नायू करतात.

हे स्नायू कोणते? समोर उभा रेक्टस ॲब्डॉमिनिस, ज्याला सगळे 'सिक्स पॅक' म्हणतात. बाजूंना तिरक्या ऑब्लिक स्नायूंचे दोन थर. सर्वांत आत, कमरेला उपरणे गुंडाळावे तसा आडवा ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस. या भिंतींच्या वर श्वासपटलाचे झाकण, खाली ओटीपोटाच्या स्नायूंचा तळ आणि मागे पाठीचा कणा व त्याचे स्नायू. अशी ही चहूबाजूंनी बंद पेटी आहे.

घरी एक प्रयोग करून पाहा. प्लास्टिकची बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि वरून दाबा. ती सहसा दबत नाही. झाकण काढून, अर्धे पाणी ओतून पुन्हा दाबा. लगेच चेपते. श्वास भरून पोटाच्या भिंती सगळीकडून आवळल्या की पोटातला दाब वाढतो आणि कण्याला आतून आधार मिळतो. म्हणजे वजन उचलताना पोटाचे काम शरीराला वाकवण्याचे नाही. शरीराला पुढे, मागे, बाजूला वाकू न देणे आणि पिळवटू न देणे हे त्याचे काम आहे.

दोनशे क्रंचेसनी काय साधते?

फारसे काही नाही. क्रंचेस आणि सिट-अपमध्ये तुम्ही कणा पुन्हा पुन्हा वाकवता, म्हणजे स्क्वॉटमध्ये जे घडू द्यायचे नाही त्याचाच सराव करता. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी कण्यावरच्या भारांचा अनेक वर्षे अभ्यास केला. पारंपरिक सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे 3300 न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोहून अधिक वजनाइतका दाब येतो असे त्यांचे मापन आहे.

यावर कोणी म्हणेल, 'जड डेडलिफ्टमध्ये तर याच्या कितीतरी पट दाब येतो!' बरोबर आहे. पण तिथे कणा सरळ धरलेला असतो, उचल मोजक्या वेळा होते आणि मध्ये विश्रांती असते. दाबाखाली शेकडो वेळा वाकणे ही वेगळी गोष्ट आहे. निरोगी माणसाने दहा-वीस क्रंचेस केले म्हणून आकाश कोसळत नाही. पण ज्याची कंबर आधीच दुखते आहे त्याने दोनशे करणे म्हणजे जखमेवरची खपली रोज काढण्यासारखे आहे.

दुसरा मुद्दा साध्या हिशेबाचा. जो व्यायाम सलग दोनशे वेळा होतो तो दमाचा व्यायाम आहे, ताकदीचा नाही. हात, पाय, छाती यांच्यासाठी तुम्ही दर काही दिवसांनी वजन वाढवता. मग पोटानेच काय पाप केले आहे की त्याला वर्षानुवर्षे तीच बिनवजनाची कवायत?

आणि हे सगळे चरबी घटवण्यासाठी चालले असेल तर तोही गैरसमज आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 24 जणांपैकी एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस पोटाचे सात व्यायाम केले. त्यांच्या पोटाच्या स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी मात्र घटली नाही.

'स्क्वॉटमध्ये होतेच की!'

हे अर्धसत्य आहे. जड स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये कण्यालगतचे पाठीचे स्नायू फार मेहनत करतात, समोरचे पोटाचे स्नायू त्या मानाने कमी. परिणामी पाठ दणकट होत जाते आणि पोट मागे पडते. वजन वाढले की ही तफावत उघडी पडते. स्क्वॉटमधून उठताना आधी नितंब वर येतात आणि छाती खाली झुकते. डेडलिफ्टमध्ये वजन गुडघ्यापर्यंत येण्याआधीच कंबर गोल होते. दर वेळी दोष पोटाचाच असतो असे नाही; पाय कमी पडले किंवा तंत्र चुकले तरी असे होते. पण बहुतेक प्रशिक्षक पोट तपासतच नाहीत आणि 'छाती वर, छाती वर' ओरडत राहतात.

पट्ट्याचेही असेच. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमानुसार पट्टा जास्तीत जास्त 10 सेंटिमीटर रुंद आणि 13 मिलिमीटर जाड चालतो. तो नीट वापरला तर पोटातला दाब आणखी वाढतो. पण पट्टा तुम्हाला धरत नाही. तो फक्त एक भिंत देतो आणि त्या भिंतीवर पोटाने आतून जोर लावायचा असतो. ज्याला पोट आवळता येत नाही त्याच्या कमरेला तो पट्टा म्हणजे दागिना. हलक्या वजनाचे सेट पट्ट्याविना करा, जड वजनाला तो बांधा.

'वजन उचलूच नका' हा सल्ला

हाडाचा गंभीर आजार, मज्जातंतूंवर दाब, ताजी शस्त्रक्रिया अशा वेळी वजनाला मनाई योग्यच आहे. पण साध्या कंबरदुखीच्या प्रत्येक रुग्णाला आयुष्यभरासाठी 'वजन उचलू नका' सांगणे आणि औषधाच्या दुकानातला पट्टा महिनोन्महिने बांधायला लावणे, हे कोणत्या शास्त्रात बसते? साध्या कंबरदुखीत जमेल तितके हिंडते-फिरते राहावे आणि हळूहळू व्यायाम वाढवावा, हाच आजचा सर्वमान्य सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. पॉवरलिफ्टिंगच्या मास्टर्स गटांची सुरुवातच मुळी चाळिशीला होते आणि सत्तरीपुढच्यांसाठीही गट आहे.

शिवाय 'वजन उचलू नका' ऐकून घरी गेलेल्या ताईंचे काय होते? भरलेले गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचे असते. पाण्याच्या बादल्या, धान्याचे पोते, कडेवरचे नातवंड यांतले काहीही डॉक्टरांच्या चिठ्ठीने हलके होत नाही. वजन त्या उचलणारच आहेत. मग ते कसे उचलायचे हे शिकवणे आपले काम नाही का?

मग करायचे काय?

आधी पोट आवळायला शिका. उभे राहून दोन्ही हात बरगड्यांच्या खाली, कमरेच्या बाजूंना ठेवा. नाकाने श्वास असा घ्या की फक्त छाती न फुगता पोट समोरून, बाजूंनी आणि मागूनही हातांवर दाबले जाईल. आता कोणी पोटात गुद्दा मारणार आहे असे समजून सगळीकडून घट्ट करा. पोट आत ओढायचे नाही. याच स्थितीत वजन उचलायचे. उचल पूर्ण झाली की श्वास सोडायचा आणि पुढच्या उचलीआधी पुन्हा भरायचा.

मग आठवड्यातून दोन-तीनदा, मुख्य व्यायाम संपल्यावर, पोटासाठी दहा-पंधरा मिनिटे द्या:

• कंबर मागे वाकू न देण्यासाठी: प्लँक, आणि तो जमू लागला की ॲब व्हील. ॲब व्हील आधी गुडघ्यांवर बसूनच करा.

• बाजूला झुकू न देण्यासाठी: साइड प्लँक, आणि एकाच हातात जड डंबेल घेऊन ताठ चालणे. पाण्याची एकच बादली नेताना जे शरीर करते तेच हे.

• पिळवटू न देण्यासाठी: पॅलॉफ प्रेस. बाजूला बांधलेला रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीसमोर धरून हात सरळ करायचे आणि धड वळू द्यायचे नाही.

• अगदी नवखे असाल किंवा कंबर दुखून नुकतीच बरी झाली असेल तर डेड बग आणि बर्ड डॉग यांपासून सुरुवात करा.

एका दिवशी यातले दोनच प्रकार घ्या, प्रत्येकाचे तीन सेट. सेटमध्ये आठ ते बारा आवर्तने, प्लँक असेल तर वीस-तीस सेकंद. सहज जमू लागले की आकडा न वाढवता वजन किंवा अवघडपणा वाढवा. पाच मिनिटे प्लँक धरून व्हिडिओ काढण्यात काही पुरुषार्थ नाही. जड स्क्वॉटच्या आधी मात्र पोट थकवू नका.

काळजी कोणी घ्यावी?

श्वास कोंडून जोर लावताना रक्तदाब क्षणभर प्रचंड वाढतो. 1985 मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी अनुभवी शरीरसौष्ठवपटूंचा रक्तदाब व्यायाम चालू असताना थेट धमनीतून मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी 320/250 पर्यंत गेला, एकाचा तर 480/350. निरोगी तरुणाचे शरीर सहसा हे सोसते. पण अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, महाधमनीचा फुगवटा, काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार, हर्निया, गरोदरपण, नुकतेच झालेले बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. श्वास कोंडायचा की नाही आणि किती वजन घ्यायचे, हे तिथे ठरेल.

वजन उचलताना लघवीचे थेंब गळत असतील तर लाजून गप्प बसू नका. खेळाडू स्त्रियांत हे बऱ्यापैकी आढळते, पण म्हणून ते सोडून द्यायचे नाही. पेटीचा तळ कमी पडतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि त्यावर फिजिओथेरपीने चांगला उपाय होतो.

कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी होणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे व्यायामाची चर्चा नको.

बाकीच्यांसाठी सांगणे एवढेच: तुमच्या प्रशिक्षकाला विचारा, 'माझ्या आठवड्याच्या वेळापत्रकात पोटाच्या ताकदीचा व्यायाम कोणता आणि त्यात वजन कसे वाढवायचे?' उत्तर 'शेवटी शंभर क्रंचेस मार' असे आले, तर प्रशिक्षक बदलायचा विचार करा. आणि तपासणी न करताच कोणी 'आयुष्यात वजन उचलू नकोस' म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्या.