एकच टोपी, अनेक कुळें

रूपावरून नातें ठरवूं नये, असें आपल्या घरांतील वडील माणसें सांगत आलीं आहेत. जोशी हें आडनांव देशस्थांत आहे, कोकणस्थांत आहे, कऱ्हाड्यांतहि आहे. तेवढ्यावरून कोणी भाऊबंदकी मोजीत नाहीं. गोत्र व कुलस्वामी विचारल्यावांचून निर्णय होत नसतो. प्राणिसृष्टींतहि हाच न्याय लागू पडतो, व त्याचें उदाहरण रत्नागिरीनजीकच्या भाट्ये येथें ओहोटीच्या वेळीं पाहावयास मिळतें.

काजळी नदीच्या मुखापासून झरी विनायकाच्या देवळाकडे भाट्याची पुळण पसरली आहे. पुळण संपून खडक लागले कीं त्यांस घट्ट चिकटलेले, पिळ नसलेले, बसक्या टोपीसारखे लहान शंख दिसतात. इंग्रजींत ह्यांस लिंपेट म्हणतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ह्या रूपाचे दोन निराळे जीव आढळतात. 'सेलाना' हा खरा लिंपेट. तो कल्ल्यांनीं श्वास घेतो. दुसरा 'सायफोनेरिया', त्याच्या शंखाची कड उजव्या बाजूस किंचित् फुगलेली असते, कारण हवा घेण्याच्या पोकळीचें दार तेथें असतें. हा आपल्या परसांतील गोगलगाईच्या जवळचा. बिऱ्हाड एकाच खडकावर, पोषाखहि एकच. परंतु घराणीं कोट्यवधि वर्षांपूर्वीं विभक्त झालेलीं! खडकास चिकटून राहावयाचें तर पसरट टोपी सोयीची, म्हणून ती निरनिराळ्या कुळांनीं स्वतंत्रपणें धारण केली.

मग गोत्र विचारावयाचें कोणास? तर जिभेस. ह्या जीवांची जीभ कानशीसारखी असून तीवर बारीक दांतांच्या ओळी असतात. तिनें ते खडकावरील शेवाळ खरवडून खातात. खऱ्या लिंपेटाच्या दांतांत लोहाचें खनिज असतें. दांतांची मांडणी कुळपरत्वें बदलते. आणि अलीकडे पेशींतील डीएनए ह्या आनुवंशिक द्रव्याचा पुरावाहि जोडीस मिळाला आहे.

हीच कसोटी खोल समुद्रांत लावली असतां मोठी मौज दिसून आली. १९७७ सालीं गालापागोस बेटांजवळ समुद्रतळाशीं उष्ण पाण्याचे झरे सांपडले. तेथें सूर्यप्रकाश नाहीं, लाटांचा मारा नाहीं. तरीहि टोपीवाले शंख आहेतच. त्यांतील 'लेपेटोड्रिलस' हा दिसावयास हुबेहूब लिंपेट, पण कुळानें परका. 'निओलेपेटॉप्सिस' मात्र खऱ्या लिंपेटांच्या घराण्यांतला. बुडालेल्या लांकडांवर राहणारा 'कोक्युलिना' हा आणखी तिसऱ्याच घरचा. २०२५ सालीं जपानजवळ ५,९२२ मीटर खोलीवरील 'बॅथिलेपेटा वाडात्सुमी' ह्या नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध झालें. हा खरा लिंपेट असून त्याचा शंख सुमारें चार सेंटिमीटरांचा आहे. म्हणजे वंशावळीचें लेखन अद्यापि चालूंच आहे.

परंतु ज्या उष्ण झऱ्यांशीं हीं कुळें नांदतात, तेथेंच तांबें, जस्त, सोनें व रुपें ह्यांचे सांठेहि असतात. हिंदी महासागरांतील १०,००० चौरस किलोमीटर क्षेत्रांत त्यांचा शोध घेण्याचा पंधरा वर्षांचा करार भारत सरकारनें आंतरराष्ट्रीय समुद्रतल प्राधिकरणाशीं २०१६ सालीं केला. शोध म्हणजे खाणकाम नव्हे, हें खरें. पण पुढचें पाऊल तेंच आहे. उष्ण झऱ्यांशींच आढळणाऱ्या १८४ जातींच्या मृदुकाय प्राण्यांची पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली; तींत शेंकडा ६२ जाति धोक्यांत असल्याचें ठरलें. धातूची गरज आम्ही नाकारीत नाहीं. मात्र घरांत कोण कोण राहतें ह्याची मोजदाद होण्यापूर्वींच घराचा पाया उखडणें शहाणपणाचें नव्हे. आधीं गणना, मग खणती, एवढाच आमचा आग्रह.

सुटींत मुलांस घेऊन भाट्यास जाणाऱ्या वाचकांनीं त्यांस त्या शंखाच्या उजव्या कडेवरील फुगवटा अवश्य शोधावयास लावावें. मात्र शंख उचकटूं देऊं नये. एकसारखें दिसणारें सारें एकच नसतें, हें मुलांस डोळ्यांनीं दिसलें म्हणजे खोल समुद्रांतील न दिसणाऱ्या कुळांविषयींहि त्यांस आस्था वाटूं लागेल.