जुनं गाव कोणतं?

जगातलं सर्वांत जुनं शहर कोणतं, या वादात जेरिको आणि दमास्कस नेहमी समोरासमोर येतात. जेरिकोची वस्ती अकरा हजार वर्षांची, पण ती मधूनमधून ओस पडली. दमास्कसचे अभिमानी अखंडपणावर बोट ठेवतात. दोघेही आपापल्या सोयीची व्याख्या घेऊन बसलेत. आपल्याकडे सातारा-सांगली पट्ट्यातही हाच घोळ आहे. सांगली १८०१ मध्ये पटवर्धनांची राजधानी झाली, साताऱ्याला शहरपण आणलं ते शाहू महाराजांनी. त्यामुळे चुरस उरते वाई आणि कऱ्हाड यांच्यात. वाई म्हणजे विराटनगरी, ही कथा गोड आहे, पण कथेला तारीख नसते. कऱ्हाडकडे दगड आहे. मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपावर इसवी सनापूर्वीच्या ब्राह्मी लिपीत ‘करहकट’ नगराच्या दानाची नोंद आहे. कोकणातल्या कुडा लेण्यात कऱ्हाडच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचं कोरलंय. शिवाय गावाशेजारी आगाशिवची लेणी आहेतच.

कोणी म्हणेल, लेखाआधी वस्ती नव्हती का? असेलच. या पट्ट्याबाहेरची, महाराष्ट्रातलीच इनामगाव, दायमाबाद ही गावं तर कितीतरी जुनी. पण ती ओस पडली, आणि आज तिथे उत्खननाच्या खुणा पाहायला जावं लागतं. भरहुतचं करहकट म्हणजे हेच कऱ्हाड कशावरून, हा आक्षेप अधिक वजनदार. तरी नावाचं साम्य, लेण्यांचा शेजार आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावरची जागा एकाच दिशेला बोट दाखवतात. तेव्हा या दोन जिल्ह्यांपुरता माझा कौल कऱ्हाडला.