तीन तास टिकेल म्हणे! पण तपासलं कोणी?

थोडं लांब लिहितोय. बोईसर-तारापूर-पालघर भागातल्या मंडळींनी आणि राजापूरकडच्या मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. विषय अणुवीज केंद्राचा आहे, पण बॉम्ब, किरणोत्सर्ग, आंदोलन यातलं काही नाही. विषय आहे केबलचा, आणि आगीपासून वाचवण्यासाठी त्या केबलभोवती जे आवरण घालतात त्याच्या चाचणीचा. ऐकायला रटाळ वाटतं, मान्य. पण अणुभट्टी सुरक्षित आहे की नाही हे बऱ्याचदा अशाच रटाळ गोष्टींवर ठरतं.

मी इलेक्ट्रिकलच्या कामातला माणूस. अणुकेंद्रात कधी काम केलेलं नाही, त्यामुळे आतली काही गुपितं फोडतोय असं कोणी समजू नये. केंद्रांबद्दल खाली जे लिहिलंय ते सगळं आधीच जाहीर झालेलं आहे.

आधी मुद्दा समजून घेऊ. अणुभट्टी बंद करणं म्हणजे गॅसची शेगडी बंद करणं नव्हे. भट्टी बंद केल्या क्षणीसुद्धा मूळ उष्णतेच्या साधारण ६-७ टक्के उष्णता आत तयार होतच असते. ती हळूहळू कमी होते, पण तोवर पाणी फिरवत राहावंच लागतं. त्यासाठी पंप लागतात, व्हॉल्व्ह लागतात, आत काय चाललंय ते दाखवणारे मीटर लागतात. आणि हे सगळं चालतं केबलवर. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेचा दुसरा संच तयार ठेवतात. एक गेला तर दुसरा. पण दोन्ही संचांच्या केबल एकाच खोलीतून, एकाच ट्रेच्या रांगेतून जात असतील तर? एका आगीत दोन्ही जातील. मग दुसरा संच नुसता नावाला.

हे अमेरिकेला २२ मार्च १९७५ ला कळलं. अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. कंट्रोल रूमच्या खालच्या केबलच्या खोलीत कामगार भिंतीतली भोकं बुजवत होते. केबल भिंतीतून आरपार जातात, त्याभोवतीची फट फोमने भरायची. फट राहिली का हे बघायला त्यांनी चक्क मेणबत्ती वापरली. ज्योत हलली की हवा गळतेय असं समजायचं. तो फोम पेट घेणारा होता. हवेच्या ओढीने ज्योत आत गेली आणि फोम पेटला. आग सातेक तास चालली. सोळाशेहून जास्त केबल खराब झाल्या. कंट्रोल रूममध्ये दिवे आपोआप लागत होते, विझत होते, पंप न सांगता चालू होत होते. एक नंबर युनिटची आपत्कालीन कूलिंगची यंत्रणा हातची गेली. ऑपरेटरांनी उरलेल्या साधनांवर कशीबशी वेळ मारून नेली म्हणून निभावलं. किरणोत्सर्गाचा अपघात झाला नाही, पण दोन्ही युनिटं वर्षाहून जास्त काळ बंद राहिली.

लक्षात घ्या, आग रोखण्यासाठी जे लावत होते तेच पेटलं. फट तपासण्याची पद्धत हेच आगीचं कारण ठरलं.

त्यानंतर अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने, म्हणजे एनआरसीने, १९८० मध्ये नियम केला. दोन संचांच्या केबलमध्ये तीन तास आग सोसणारा अडथळा हवा. तो नसेल तर दोन्हींमध्ये किमान २० फूट अंतर हवं, मध्ये पेटणारं काही नको, शिवाय आग ओळखणारी आणि आपोआप विझवणारी यंत्रणा हवी. तेही जमत नसेल तर एका संचाभोवती एक तास टिकणारं आवरण आणि सोबत तीच यंत्रणा. नियम चांगलाच होता. पण बरीचशी केंद्रं आधीच बांधून झालेली. आता भिंती कुठे सरकवणार? मग सगळ्यांनी सोपा मार्ग धरला, केबल ट्रेला आवरण गुंडाळा.

आता हे 'एक तास', 'तीन तास' ठरवतात कसं? केबल ट्रेचा नमुना तयार करतात, त्यावर आवरण चढवतात आणि मोठ्या भट्टीत घालतात. भट्टीचं तापमान ठरलेल्या रेषेप्रमाणे चढत जातं. पाच मिनिटांत ५३८ अंश सेल्सिअस, एका तासाला ९२७, तीन तासांना १०५२. आतमध्ये जागोजागी तापमान मोजणारे सेन्सर असतात. आतलं सरासरी तापमान सुरुवातीपेक्षा १३९ अंशांहून जास्त वाढलं, किंवा कुठल्याही एका जागी १८१ अंशांहून जास्त वाढलं, की नापास. वरून नळाच्या जोरदार फवाऱ्याचा मारा करून आवरण टिकतं का तेही बघतात.

यातली खरी मेख अशी की पास होतो तो त्या मापाचा, तशाच जोडणीचा नमुना. बारीक कंड्युटमध्ये धातू कमी, त्यामुळे ते लवकर तापतं. रुंद ट्रेवरचं आवरण मध्ये खाली झुकतं आणि सांधे उघडतात. म्हणजे एका मापाची ट्रे पास झाली म्हणून सगळ्या मापांच्या पास झाल्या असं होत नाही. आमच्या लाइनमधल्या कुणालाही विचारा, साइटवरचं फिटिंग आणि कॅटलॉगमधला फोटो यात किती फरक असतो ते.

आणि नेमकं इथेच पाणी मुरलं. थर्मो-लॅग नावाचं एक आवरण अमेरिकेतल्या सत्तरहून जास्त अणुभट्ट्यांत लागलं. अर्धा इंच जाड थर म्हणजे एक तास, एक इंच म्हणजे तीन तास, असा हिशोब. सोबत प्रयोगशाळेचे रिपोर्ट. १९८९ मध्ये लुइझियानातल्या रिव्हर बेंड केंद्राने आपल्याच ट्रेची चाचणी स्वतः करून घेतली, तर तीन तासांचं म्हणून घेतलेलं आवरण त्याच्या बरंच आधी नापास. १९९२ मध्ये टेक्सासमधल्या दुसऱ्या एका केंद्रासाठी चाचण्या झाल्या, त्यातही रुंद ट्रे आणि बारीक कंड्युट नापास. शिवाय तपासणीत निघालं की ते आवरण स्वतःच ज्वलनशील आहे.

मग जुने पास झालेले रिपोर्ट कुठून आले? चौकशीत निघालं की ज्या 'स्वतंत्र' प्रयोगशाळेचं नाव रिपोर्टवर होतं, तिचं काम प्रत्यक्षात फार थोडं होतं. नमुने बांधण्यापासून चाचणी घेण्यापर्यंतची कामं माल विकणाऱ्या कंपनीचीच माणसं करत होती. प्रयोगशाळेने कोर्टात गुन्हा कबूल केला. कंपनी आणि तिच्या प्रमुखाला मात्र १९९५ मध्ये ज्युरीने निर्दोष सोडलं, हेही सांगायला हवं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो तिसरा भाग. एनआरसीच्याच अंतर्गत चौकशी अधिकाऱ्याने १९९२ मध्ये अहवाल दिला आणि आपल्याच संस्थेवर ठपका ठेवला. रिपोर्ट नीट न तपासता स्वीकारले, तक्रारी आल्या त्यांचा वेळेवर पाठपुरावा केला नाही, असं त्यात होतं.

तोवर केंद्रांनी काय केलं? माणसं ठेवली. ज्या खोल्यांत हे आवरण होतं तिथे ठरलेल्या वेळाने फेरी मारायची, धूर-आग दिसते का बघायचं. ज्या देशाने चंद्रावर माणूस उतरवला त्या देशात अणुकेंद्राच्या केबलची राखण रखवालदार करत होते, तीही वर्षानुवर्षं. ही आवरणं बदलण्याचे आदेश १९९८ मध्येसुद्धा निघत होते.

बरं, एवढ्यावर संपलं म्हणावं तर तसंही नाही. हेमिक नावाचं दुसरं आवरण होतं, गोधडीसारखं गुंडाळायचं. २००५ मध्ये एनआरसीने स्वतःच्या खर्चाने त्याची चाचणी घेतली. उष्णतेने ते आकसलं, सांधे उघडे पडले, आणि ठरलेला एक तास काही ते टिकलं नाही. तेव्हा ते अनेक केंद्रांत वर्षानुवर्षं लागलेलं होतं. तोपर्यंत कागदावर सगळं ठीक होतं.

'अमेरिकेचं अमेरिकेला, आपल्याला काय?' असं कोणी म्हणेल. तर ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशात गंगेकाठच्या नरोरा केंद्रात काय झालं ते बघा. पहाटे टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, आग केबलच्या वाटेने पसरली. मुख्य वीज आणि आपत्कालीन वीज या दोन्हींच्या केबल पुरेशा वेगळ्या केलेल्या नव्हत्या, दोन्ही गेल्या. केंद्र सतरा तास पूर्ण अंधारात. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी वर चढून हाताने बोरॉनचं द्रावण सोडलं. कूलिंगसाठी डिझेलवर चालणारे आग विझवण्याचे पंप वापरले. त्या रात्रीच्या पाळीतल्या लोकांना सलाम, त्यांच्यामुळे मोठा अनर्थ टळला. पण ब्राउन्स फेरीचा धडा १८ वर्षं जगापुढे उघडा पडलेला होता, हे विसरून कसं चालेल?

नरोरानंतर आपल्याकडे सुधारणा झाल्या. केबलचे मार्ग वेगळे करणं, फायर बॅरिअर लावणं ही कामं बाकीच्या केंद्रांतही झाली. चांगली गोष्ट आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. लावलेले बॅरिअर कुठल्या चाचणीवर पास झाले?

तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ ची, अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकची. ब्राउन्स फेरीच्या अणुभट्ट्याही त्याच कंपनीच्या, त्याच जातीच्या, फक्त खूप मोठ्या. म्हणजे आपली युनिटं केबलच्या आगीचे नियम येण्याच्या आधीची. नंतर जे काही आवरण बसवलं असेल ते आधीच बांधलेल्या, अरुंद जागांमध्ये बसवलेलं. चाचणीच्या नमुन्यात आणि साइटवरच्या जोडणीत फरक पडतो तो नेमका अशाच जागी.

एक अनुभव सांगतो. एका केमिकल कारखान्यात, नाव घेत नाही, मी पॅनेलच्या कामाला होतो. भिंतीतलं आगरोधक सील फोडून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने नवी केबल ओढली आणि भोकात कापडाचे बोळे कोंबून वरून प्लॅस्टर मारलं. मी सुपरवायझरला दाखवलं. तो म्हणाला, "भाऊ, रिपोर्टमध्ये ओके आहे ना? मग झालं." ऑडिटवाले आले, प्लॅस्टरचा फोटो काढला आणि गेले. अणुकेंद्रात शिस्त याच्या कितीतरी पट जास्त असते, असणारच. पण कागद आणि भिंत यांच्यात अंतर पडू शकतं, हे या लाइनमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा नवजात बाळं गेली, तेव्हा 'फायर ऑडिट' हा शब्द घराघरात पोचला. शब्द पोचला, पण रिपोर्ट वाचायला मागायची सवय काही आपल्याला लागली नाही.

म्हणून माझी मागणी फार साधी आहे. तीन प्रश्नांची उत्तरं जाहीर करा.

१. केबलभोवतीच्या आवरणाची चाचणी कोणत्या प्रयोगशाळेत झाली, आणि तिथे माल विकणाऱ्याची माणसं चाचणी घेत होती का?
२. जी ट्रे, जे कंड्युट, जी जोडणी प्रत्यक्ष केंद्रात आहे, त्याच मापाची चाचणी झाली का?
३. निकाल किती मिनिटांचा आला? जे नापास झालं त्याचं पुढे काय केलं?

'सुरक्षेचा प्रश्न आहे, असं जाहीर करता येत नाही' हे उत्तर येईल. मला केबल कुठून कुठे जाते त्याचा नकाशा नकोय. तो गुप्तच राहू दे. पण एखादं आवरण भट्टीत किती मिनिटं टिकलं यात कसलं आलंय गुपित? अमेरिकेत हे सगळे आकडे जाहीर झाले, म्हणून तर खोट सापडली. रिव्हर बेंडने स्वतः चाचणी केली नसती आणि तो निकाल दाबून ठेवता आला असता, तर आजही ते आवरण तिथेच असतं.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे तपासणी करणारी संस्था म्हणजे एईआरबी आणि केंद्र चालवणारी एनपीसीआयएल, दोघांचे पत्ते मुंबईत अणुशक्तीनगरचेच. पत्ता एक असल्याने कोणी चोर ठरत नाही. पण एईआरबीला पुरेशी स्वायत्तता नाही, असं २०१२ मध्ये कॅगनेच आपल्या अहवालात लिहिलं होतं. मग निदान चाचण्या तरी तिसऱ्याकडून व्हाव्यात आणि निकाल लोकांपुढे यावेत. आपल्याकडे रुडकीला केंद्रीय भवन संशोधन संस्था आहे, तिथे आगीच्या चाचण्या होतात. सगळं परदेशातूनच करून आणावं लागेल अशी काही परिस्थिती नाही.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. वीज सगळ्यांनाच हवी आहे. ज्यांचा विरोध आहे आणि ज्यांचा पाठिंबा आहे, दोघांनाही हे तीन प्रश्न विचारता येतील. जैतापूरचं तर अजून बांधकामच नाही. माडबनच्या पठारावर सहा मोठ्या भट्ट्यांची योजना आहे, प्रत्येकी साधारण १६५० मेगावॉटची. केबलच्या खोल्या कागदावर असतानाच विचारणं सोपं. भिंती उभ्या राहिल्या की मग गुंडाळागुंडाळीशिवाय हातात काही उरत नाही.

ग्रामसभेत, जनसुनावणीत, माहिती अधिकाराच्या अर्जात, जिथे जमेल तिथे हे तीन प्रश्न जसेच्या तसे टाका. कॉपी करा, माझं नाव नाही टाकलंत तरी चालेल. आपल्या आमदार-खासदारांना टॅग करा. आणि या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेलं कोणी वाचत असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. माझ्या म्हणण्यात तांत्रिक भर घालायची असेल तर स्वागत आहे. 'तुला काय कळतं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या.