दुपारची झापड आणि लपवलेली गोळी

दुपारचे अडीच-तीन वाजले की माझ्या डोळ्यांवर झापड यायची. समोर जीएसटीची बिलं आणि माझी मान खाली. ऑफिसातले सर विचारायचे, "रात्रभर मोबाइल बघतोस का?" मी हसून वेळ मारून न्यायचो. मला अपस्मार आहे, म्हणजे फिट येतात. त्यावरची गोळी रोज सकाळ-रात्र घ्यावी लागते आणि तिनं सुस्ती येते. पण हे सांगायची सोय नव्हती. अम्मीची ताकीद होती, "बाहेर कुणाला बोलू नकोस, अजून तुझं लग्न व्हायचंय."

शेवटी मी माझाच उपाय काढला. सकाळची गोळी गुपचूप बंद केली. दुपारची झोप गेली, काम भराभर व्हायला लागलं. दहाव्या दिवशी बसस्टॉपवर फिट आली. कपाळाला चार टाके पडले. बस यायला वेळ होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "झोप येते हे मला का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं. मग त्यांनी सकाळचा डोस कमी करून रात्रीचा वाढवला. रात्री पुरेशी झोप घ्यायला सांगितलं, कारण जागरणानंही फिट येऊ शकते. दुपारचा डबा हलका ठेवायचा, सुस्ती कधी येते ते वहीत लिहायचं. रमजानमध्ये गोळीच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. जेवणानंतर गजर लावून पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे हेही ठरलं. आमची नानी रोज कैलुला करायची, तेच हे. सुस्ती पूर्ण गेलेली नाही, पण काम होतं.

माझं म्हणणं इतकंच आहे की गोळीची सुस्ती म्हणजे आळस नव्हे. तो डॉक्टरांना सांगायचा त्रास आहे. पण आजारच लपवायचा ठरला की त्रासही लपवावा लागतो, आणि मग माझ्यासारखे लोक गोळी सोडतात. लग्नाची भीती मला कळते. विशेष विवाह कायद्यातही अपस्मार हा लग्नातला अडसर मानला जायचा. १९९९ मध्ये ती तरतूद काढली गेली. आपल्या घरांतून मात्र ती अजून गेलेली नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. नीट उपचार म्हणजे न चुकता घेतलेली गोळीही आलीच.

टाके काढल्यावर मी सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आधी बोलायचं ना!" आता दुपारी वीस मिनिटं मी आतल्या खोलीत पडतो. अम्मी अजून नाराज आहे. पण जिथे बोलणी होतील तिथे मी आधी हेच सांगणार आहे.